घरची कॉफी: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महागातली पावडर आणली, तरी हॉटेलातल्या फिल्टर कॉफीची चव घरी का येत नाही?

बहुतेक वेळा दोष पावडरच्या ब्रँडचा नसतो. आधी पाणी बघा, मग दळण, मग माप, मग पावडर किती जुनी आहे ते. ब्रँड या रांगेत शेवटी उभा असतो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पाणीही बदलले, पावडरही बदलली आणि दूधही दुसऱ्या गवळ्याचे घेतले, तर कॉफी कशामुळे सुधारली किंवा बिघडली ते कळायला मार्ग राहत नाही.

दुसरे म्हणजे अंदाजपंचे काम सोडा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅम दाखवणारा साधा डिजिटल काटा पुरतो. चमच्यावरच काम भागवायचे असेल, तर सपाट भरलेल्या मोठ्या चमच्यात साधारण 5 ग्रॅम पावडर बसते. पण दळण बारीक की जाड यावर ते कमीजास्त होते. म्हणून तुमचा चमचा एकदा काट्यावर ठेवून बघा आणि तोच चमचा कायम ठेवा.

बोअरचे पाणी वापरले तर चालते का? आरओचे चांगले की नळाचे?

सोलापुरात कॉफी बिघडायचे हे पहिले कारण. बोअरचे पाणी बहुतेक भागात जड. त्यातले क्षार, विशेषतः बायकार्बोनेट, कॉफीतली आम्ले मारून टाकतात. ही आम्ले म्हणजेच कॉफीचा तजेला. ती गेली की कॉफी काळी दिसते, कडवट लागते, पण चवीला बोथट, खडूसारखी. भांड्याच्या तळाला पांढरा थर धरत असेल, डाळ शिजायला वेळ लागत असेल, तर त्या पाण्यात कॉफी करू नका.

मग सगळे आरओवर जातात. तिथे उलटा घोटाळा होतो. कॉफीतला स्वाद ओढून घ्यायला पाण्यात थोडे क्षार लागतातच. आरओ यंत्र फार खाली लावलेले असेल आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, 20-30 दाखवत असेल, तर कॉफी पातळ आणि आंबूस लागते. टीडीएस 75 ते 200 च्या दरम्यान असेल तर उत्तम. हा आकडा दाखवणारे पेनासारखे छोटे यंत्र बाजारात मिळते, पण तेही नसले तरी अडत नाही. तीन भाग आरओचे आणि एक भाग नळाचे पाणी मिसळून एकदा करून बघा. मिश्रण नळाच्याच पाण्याचे करा, बोअरचे नको.

आरओ नसेल तर नळाचे पाणी दहा मिनिटे खळखळून उकळा, झाकून निवू द्या आणि तळाचे दोन बोटे पाणी सोडून वरचे अलगद ओतून घ्या. जड पाण्यातले काही क्षार उकळल्यावर खाली बसतात, तेवढा फरक पडतो. नळाला पाणी आले त्याच दिवशी भरलेल्या पाण्याला क्लोरिनचा वास असतो. ते उघड्या भांड्यात रात्रभर ठेवले की वास जातो. उलट, पिंपात चार दिवस साठवलेल्या पाण्याला पिंपाचा वास लागतो, आणि तो कॉफीत चहापेक्षा लवकर कळतो. चहाला आले-वेलचीचा आडोसा असतो, कॉफीला नसतो.

पाणी किती गरम हवे? उकळते ओतले तर पावडर जळते म्हणतात.

पावडर जळत नाही, ती आधीच 200 अंशांच्या वर भाजलेली असते. पण खळखळते पाणी कडवटपणा जास्त ओढते. पाणी 90 ते 96 अंश असावे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण 450 मीटर उंचावर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी 98 अंशांच्या थोडे वरच उकळते. गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा आणि ओता, थर्मामीटरची गरज नाही. पावडर फार काळपट भाजलेली असेल तर एक मिनिट थांबा.

दुकानदार विचारतो, ‘किती टक्के चिकोरी?’ काय सांगायचे?

चिकोरी ही एका झाडाची मुळी. ती भाजून दळतात. तिच्यात कॅफिन नसते. ती कॉफीला काळा रंग, दाटपणा आणि गोडसर-कडू चव देते, आणि पावडर ओली झाली की चिकट होऊन पाणी हळू खाली सोडते. भरपूर दूध घालून पिणाऱ्यांना 15 ते 20 टक्के छान. 30 टक्के ही आमच्या मते वरची हद्द. त्यापुढे कॉफीचा वास मागे पडतो आणि काढ्याचा पुढे येतो.

कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान 51 टक्के कॉफी असावी असा भारतात नियम आहे आणि पाकिटावर प्रमाण छापावे लागते. स्वस्त पाकीट उलटे करून बघा: 53:47 असे दिसले तर तुम्ही कॉफी म्हणून जवळपास निम्मी मुळीच विकत घेताय. पाप नाही, पण ठाऊक असावे.

बिया दळून मागत असाल तर दुकानातली भाषा कळली की सोपे जाते. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती. ‘प्लांटेशन’ म्हणजे धुऊन प्रक्रिया केलेली अरेबिका; त्यापुढचे ए, बी, सी हे बीच्या आकाराचे. ‘चेरी’ म्हणजे फळासकट उन्हात वाळवलेली. ‘पीबेरी’ म्हणजे फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी आलेली. अरेबिका वासाला आणि नाजूक चवीला, रोबस्टा दाटपणाला आणि तरतरीला. रोबस्टात कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट. दुधाच्या कॉफीसाठी 70 टक्के अरेबिका, 30 टक्के रोबस्टा आणि या मिश्रणात वर 15 टक्के चिकोरी, अशी सुरुवात करा.

चिकमगळूर, कोडगू, बाबाबुडनगिरी इथल्या अरेबिकाला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. नाव बघून खरेदी जरूर करा, पण त्याआधी पाकिटावरची भाजल्याची तारीख बघा. सहा महिन्यांपूर्वी भाजलेल्या नामांकित कॉफीपेक्षा दहा दिवसांपूर्वी भाजलेली साधी कॉफी कधीही बरी.

स्टीलच्या फिल्टरमध्ये डिकॉक्शन करायची नेमकी कृती सांगा.

दोन-तीन कपांच्या फिल्टरचे माप: पावडर 20 ग्रॅम, पाणी 120 मिली. हाती येते साधारण 80 मिली डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क. उरलेले 40 मिली पावडरच पिऊन टाकते; ती आपल्या वजनाच्या जवळपास दुप्पट पाणी धरून ठेवते. हा हिशोब लक्षात ठेवला की कितीही कपांचे माप काढता येते.

फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला बारीक भोके. तो कोरडा हवा. वरच्या भांड्याची भोके ओली असली की बारीक पावडर तिथेच लगदा होऊन बसते. पावडर घाला, भांडे ओट्यावर दोनदा हलके आपटून थर सपाट करा. आता दांडीची चकती वर ठेवून तिच्या वजनाने जेवढे दबेल तेवढेच दाबा, पुरणाच्या पोळीत पुरण दाबतो तसे नको. चकती आतच राहू द्या. ती नसेल तर पाण्याच्या धारेने पावडरीत खड्डा पडतो आणि सगळे पाणी त्या खड्ड्यातूनच खाली पळते.

आधी फक्त 30 मिली पाणी चकतीवर गोल फिरवत ओता आणि अर्धा मिनिट थांबा. पावडर ताजी असेल तर ती फुगते, बुडबुडे येतात. आतला वायू बाहेर पडतो आणि पुढचे पाणी नीट शिरते. मग उरलेले 90 मिली ओता. झाकण ठेवा आणि 15 ते 20 मिनिटे हात लावू नका. हलवणे, ठोकणे, ‘झाले का’ म्हणून दर मिनिटाला उचलून बघणे, सगळ्याने थर फुटतो.

कपात 25 मिली डिकॉक्शन आणि 75 मिली गरम दूध. कडक हवी असेल तर डिकॉक्शन वाढवा. त्याच 20 ग्रॅम पावडरीवर जास्त पाणी ओतून डिकॉक्शन वाढवू नका, ती नुसती पातळ होते. त्याच पावडरीवर दुसऱ्यांदा पाणी ओतून काढलेली ‘दुसरी डिकॉक्शन’ पहिलीत मिसळायची सवय अनेक घरांत असते. तिच्यात रंग आणि कडूपणा येतो, वास येत नाही.

अर्धा तास झाला, थेंबही खाली पडत नाही!

आधी वरचे भांडे पाव इंच उचलून परत ठेवा. दोन भांडी फार घट्ट बसली की खालची हवा कोंडते आणि पाण्याला जागाच मिळत नाही. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

तरी थेंब नाही? मग दळण मैद्यासारखे आहे, किंवा दाब जास्त पडला, किंवा चिकोरी जास्त आहे. आजचा दिवस निभवायचा असेल तर चमच्याच्या दांडीने थर एकदा हलकेच सैल करा. डिकॉक्शन थोडी गढूळ येईल, पण येईल. पुढच्या वेळी दळण एक पायरी जाड घ्या. बोटांत चोळल्यावर पिठीसाखर नको, बारीक रवाही नको, त्या दोघांच्या मधले लागले पाहिजे.

तिसरे कारण, भोके बुजलेली असतात. वरचे रिकामे भांडे दिव्यासमोर धरा. प्रकाशाचे ठिपके सगळीकडे सारखे दिसले पाहिजेत. मधे अंधारे पट्टे दिसले तर जुनी पावडर आणि तेल भोकांत धरले आहे. स्टीलचे भांडे असेल तर तळ मंद आचेवर मिनिटभर धरा, अडकलेली पावडर जळून भुगा होते. निवल्यावर जुन्या टूथब्रशने झाडा. पितळेच्या फिल्टरला हा उपाय नको, आतली कल्हई वितळेल. त्याला गरम पाणी आणि सुई.

आणि पाच मिनिटांतच सगळे गळून गेले तर?

वरच्या उत्तराच्या उलटे वाचा. दळण जाड, थर वाकडा, चकती विसरली. बिनचिकोरीची शुद्ध कॉफी मुळातच लवकर गळते, तिला दळण थोडे बारीक घ्यावे लागते.

मिक्सरमध्ये बिया दळता येतात का?

येतात, पण मिक्सर कापतो, चक्कीसारखा दळत नाही. त्यामुळे त्याच दळणात धूळ आणि कण्या दोन्ही निघतात. धुळीतून कडूपणा येतो, कण्यांतून आंबटपणा. एकाच कपात दोन्ही दोष. नुकसान कमी करायचा मार्ग असा: चटणीचे छोटे भांडे, एका वेळी 30 ग्रॅमच बिया, दोन-दोन सेकंदांचे सहा-सात झटके. प्रत्येक झटक्यानंतर भांडे उचलून हलवा. सलग फिरवले तर पाते तापते आणि वास भांड्यातच उडून जातो. शेवटी रव्याच्या चाळणीने चाळा आणि वर राहिलेल्या कण्यांना दोन झटके द्या.

सोलापूरच्या घरात यात एक खास अडचण असते: त्याच भांड्यात शेंगाचटणी झालेली असते. लसूण, तिखट आणि शेंगदाण्याचे तेल झाकणाच्या रबरी कडीत महिनोन् महिने मुक्काम ठोकते. नुसते घासून ते जात नाही. मूठभर कोरडे तांदूळ फिरवा, ते पीठ फेकून द्या, रबर काढून वेगळे धुवा आणि उन्हात वाळवा. तरीही रबराला वास येत असेल तर नवे रबर घ्या. लसणाची कॉफी कोणालाच आवडत नाही.

रोज पिणारे असाल तर हाताने फिरवायची छोटी चक्की घ्या. पावडरच्या महागड्या ब्रँडवर जे पैसे जातात ते इथे घातलेले बरे.

कॉफी आंबट लागते की कडू, तेच कळत नाही.

साखर आणि दूध न घालता चमचाभर डिकॉक्शन तेवढ्याच गरम पाण्यात मिसळून चाखा. लिंबासारखी झोंबून चटकन नाहीशी झाली तर आंबट: पावडरीतून स्वाद पुरता उतरलाच नाही. दळण बारीक करा किंवा पाणी जास्त गरम घ्या. घशात रेंगाळली, जीभ कोरडी पडली तर कडू: गरजेपेक्षा जास्त उतरले. दळण जाड करा, पाणी अर्धा मिनिट जास्त निवू द्या. नुसती पाणचट असेल तर पावडर कमी पडली. आंबटही नाही, कडूही नाही, पण जुन्या पुठ्ठ्यासारखी लागली, तर पावडर शिळी आहे. तिच्यावर इलाज नाही.

दूध म्हशीचे की गाईचे? आणि कॉफी फाटते ती का?

म्हशीच्या दुधात स्निग्धांश 6 टक्क्यांच्या वर असतो. कॉफी मखमली होते, पण हलकी डिकॉक्शन त्याच्याखाली दबून जाते. म्हशीचे घट्ट दूध असेल तर डिकॉक्शन 25 ऐवजी 30-35 मिली घ्या, किंवा दुधात पाचवा हिस्सा पाणी घाला. दूध ताजे तापवलेले हवे. सकाळपासून चार वेळा उकळलेल्या दुधाला शिजट वास येतो आणि साय कपात तरंगते. वर येऊ लागले की उतरवा.

कॉफी फाटली तर दोष सहसा कॉफीवर जातो, पण दूध आधीच नासायच्या बेतात असते. कॉफीचे आम्ल फक्त शेवटचा धक्का देते. मे महिन्यात पिशवी तासभर ओट्यावर राहिली तरी एवढे होते. गुळाने करत असाल तर गूळ आधी गरम डिकॉक्शनमध्ये विरघळवा आणि गॅसवरून उतरवलेले दूध वरून ओता. गूळ-दूध एकत्र उकळायला ठेवू नका.

डिकॉक्शन परत गॅसवर ठेवायची नाही. थंड झाली असेल तर वाटी गरम पाण्यात ठेवा, नाहीतर दूधच कडकडीत घ्या. फेसासाठी पेला आणि वाटी घेऊन हातभर उंचीवरून चार-पाच वेळा खालीवर करा. साखरही त्यातच विरघळते.

फिल्टर नाही. काय करू?

पातेल्यात 200 मिली पाणी उकळा, गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबून 25 ग्रॅम पावडर घाला, एकदा ढवळा, चार मिनिटे झाका. पावडर खाली बसते. मलमलच्या फडक्यातून गाळा, पिळू नका. ही डिकॉक्शन फिल्टरपेक्षा हलकी असते, म्हणून दूध तिच्याइतकेच किंवा थोडे जास्त, बस. सोलापूरचा टॉवेल कितीही नावाजलेला असला तरी गाळायला घेऊ नका, त्याचे धागे कपात उतरतात.

आजीची जायफळाची कॉफी कशी जमवायची?

ही दक्षिणेकडची नाही, आपली मराठी घरांतली. तिला फार शुद्ध डिकॉक्शन लागत नाही, वर सांगितलेली पातेल्यातली कॉफी उत्तम. चार कपांना 200 मिली डिकॉक्शन, 250 मिली दूध, साखर चवीने. जायफळ सहाणेवर दुधाच्या थेंबात पाच-सहा वेळा फिरवा किंवा किसणीवर चिमूटभर किसा. ते सगळ्यात शेवटी, गॅस बंद केल्यावर घालायचे. उकळीत घातले तर वास वाफेबरोबर जातो आणि मागे तुरटपणा राहतो. तयार जायफळ पूड डब्यात वर्षभर पडलेली असेल तर तिच्यात लाकडाशिवाय काही उरलेले नसते. चिकोरीवाली पावडर आणि जायफळ यांचे फारसे जमत नाही. दोन्ही एकमेकांवर ओरडतात.

इन्स्टंट कॉफीला काही आशा आहे का?

आहे, माफक. ती म्हणजे आधीच करून वाळवलेली कॉफी, त्यामुळे तिला उकळण्यात अर्थ नाही. दोन लहान चमचे कॉफी, दोन चमचे साखर, दीड चमचा गरम पाणी. रंग फिका होईपर्यंत तीन-चार मिनिटे घोटा. वर गरम दूध.

पावडर फ्रीजमध्ये ठेवावी का?

रोज उघडायचा डबा फ्रीजमध्ये नको. बाहेर काढला की आत दव धरते आणि शेजारच्या भाजीचा वास लागतो. सोलापूरचा उन्हाळा मात्र 42-43 अंशांना सहज पोचतो, म्हणून गॅसच्या वरचे कपाटही नको. घरातला सगळ्यात थंड, अंधारा कोनाडा, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आणि एका वेळी 200 ग्रॅमच खरेदी. दळलेली पावडर दोन-तीन आठवड्यांत संपवा. जास्त आणलीच तर आठवड्याआठवड्याच्या पुड्या हवाबंद करून फ्रीझरमध्ये टाका. काढलेली पुडी खोलीच्या तापमानाला आल्यावरच फोडा आणि परत आत ठेवू नका.

हळदीकुंकवाला वीस जणी येणार आहेत. माप?

100 मिलीचे वीस कप: डिकॉक्शन 500 मिली, दूध दीड लिटर. पावडर 125 ग्रॅम, पाणी 750 मिली. फिल्टर लहान असेल तर दोन-तीन खेपा करा, एकाच खेपेत कोंबू नका. वरच्या भांड्यात पावडर निम्म्यापेक्षा वर गेली की पाणी अडते. डिकॉक्शन दुपारीच काढून झाकून ठेवली तरी संध्याकाळपर्यंत चालते. तयार कॉफी थर्मासमध्ये भरू नका, तासाभरात तिला कळकट चव येते. थर्मासमध्ये दूध भरा आणि कपात जुळवा.

मोका पॉट आणि फ्रेंच प्रेस घेण्यासारखे आहेत का?

फ्रेंच प्रेस, म्हणजे जाळीच्या दट्ट्याचे भांडे, काळी कॉफी पिणाऱ्यांना: जाड रव्यासारखे दळण, 30 ग्रॅमला 500 मिली पाणी, चार मिनिटे, मग दट्ट्या सावकाश खाली. मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवायचे, वाफेच्या दाबाने पाणी पावडरीतून वर चढवणारे भांडे, दुधाच्या कॉफीला चांगला. खालच्या भागात गरम पाणी झडपेच्या खालपर्यंत भरा, पावडर सपाट करा पण दाबू नका, आच मंद. फुरफुर आवाज सुरू झाला की उतरवा. तो आवाज संपेपर्यंत थांबलात तर जळका कडूपणा येतो. आपल्या शेगडीच्या दांड्यांवर छोटा पॉट कलंडतो, त्यामुळे आधी वर ठेवायची जाळी घ्या.

उन्हाळ्यात थंड कॉफी?

60 ग्रॅम जाड दळलेली, बिनचिकोरीची कॉफी, 500 मिली गार पाणी, काचेच्या बरणीत झाकून फ्रीजमध्ये 16 तास. गाळा. हा अर्क तीन-चार दिवस टिकतो. एक भाग अर्क, एक भाग दूध किंवा पाणी, वर बर्फ. गरम पाणी लागत नसल्याने आंबट-कडू दोन्ही कमी उतरते. बर्फही चांगल्या पाण्याचाच करा, नाहीतर बोअरचे पाणी मागच्या दाराने परत येते.

किती कप चालतात? झोप उडते.

निरोगी प्रौढांना दिवसाला 400 मिलिग्रॅम कॅफिनपर्यंत हरकत नाही असे साधारणपणे मानतात. गरोदर बायकांसाठी 200. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मे शरीरातून जायला पाचएक तास लागतात, म्हणून झोपेची तक्रार असेल तर शेवटचा कप दुपारी तीनच्या आत. रक्तदाब, ॲसिडिटीचे औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारा.

फिल्टर रोज साबणाने घासायचा का?

रोज नुसते गरम पाणी आणि ब्रश, मग उलटा घालून पूर्ण कोरडा. आठवड्यातून एकदा बिनवासाच्या साबणाने तेल काढा. किटलीत पांढरा थर धरला असेल तर लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा लिंबूफूल घालून उकळा, अर्धा तास ठेवा, दोनदा खंगाळा. चोथा मोरीत ओतू नका. तेल आणि भुसा मिळून वाकणात घट्ट बसतो आणि प्लंबरचे बिल कॉफीच्या बिलाला मागे टाकते. तो कागदावर वाळवा आणि कुंडीतल्या मातीत चमचा-दोन चमचे मिसळा. ओला जाड थर वर टाकलात तर त्याला बुरशी येते.